अमीरपेटला गाडी बदला

हैदराबादची मेट्रो २९ नोव्हेंबर २०१७ ला प्रवाशांसाठी सुरू झाली. मियापूर ते नागोल हा पहिला टप्पा एका सलग मार्गाचा नव्हता. लाल मार्गिकेने यायचे, अमीरपेटला उतरायचे आणि निळीत बसायचे. म्हणजे या शहराने मेट्रोत पहिल्या दिवशी पाय ठेवला तोच गाडी बदलायला शिकत. नकाशावर एवढा सगळा खटाटोप एका गोलात मावतो. दोन रंगांच्या रेघा त्यात शिरतात, दोन बाहेर पडतात, आणि बघणाऱ्याला न सांगता कळते की इथे बेत बदलता येतो.

गंमत अशी की स्टेशनाखालचे अमीरपेटही तेच काम करते. सॉफ्टवेअरच्या क्लासांची ही पेठ. बी.कॉम. झालेला, मेकॅनिकलचा इंजिनिअर, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली, सगळे इथल्या अरुंद जिन्यांवरून वर जातात, काही महिने जावा नाहीतर पायथन शिकतात आणि वेगळ्याच दिशेच्या गाडीत बसतात. भिंतींवर, खांबांवर, जिन्याच्या कडांवर कोर्सांचे फलक एकावर एक चिकटवलेले. त्या गर्दीला कोणी शिक्षणव्यवस्था म्हणणार नाही, पण शिक्षणात माणसे खरोखर कुठे वळतात हे बघायचे असेल तर ते इथे दिसते.

आता शाळेच्या भिंतीवरचा ‘दहावीनंतर काय?’ हा तक्ता आठवा. निकालाच्या सुमाराला वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही तो येतो. बहुतेक वेळा झाड असते. बुंध्यावर ‘दहावी’, मग तीन जाड फांद्या, विज्ञान, वाणिज्य, कला, आणि टोकाला पानापानांवर डॉक्टर, वकील, सी.ए. दिसायला छान आणि काढायला सोपे. पण झाडाच्या फांद्या एकदा फुटल्या की पुन्हा एकमेकींना भेटत नाहीत. (वडाच्या पारंब्या जमिनीला मिळतात; वडाचे झाड कोणी काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही.) पंधरा वर्षांच्या मुलाला झाड दाखवणे म्हणजे ‘आत्ता चुकलास तर चुकलास’ असे चित्रातून बजावणे. त्यावर एकही शब्द भीतीचा नसतो. भीती आकारातच असते.

या प्रकरणात आपण हैदराबादमधल्या मराठी घरातल्या दहावीच्या मुलांसाठी असा एक सचित्र तक्ता काढून बघू. मराठी घरच का? कारण या घरातली अडचण दुहेरी आहे. आईवडील लातूर, नांदेड, सोलापूरकडचे असतील तर त्यांना ‘अकरावी’, ‘सीईटी’, ‘सेतू केंद्र’ हे शब्द ठाऊक असतात आणि इथे त्यातला एकही चालत नाही. इथे अकरावी-बारावी नाही, ‘इंटर’ आहे, फर्स्ट इयर आणि सेकंड इयर. शाखा नाहीत, ‘ग्रुप’ आहेत: एमपीसी, बायपीसी, सीईसी, एमईसी, एचईसी. गुणपत्रिकेला ‘मेमो’ म्हणतात. दाखल्यासाठी सेतू नव्हे, ‘मी सेवा’. आणि अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष ही महाराष्ट्रातली समजूत घेऊन कोणी आले तर पहिल्याच वर्षी गोत्यात येते, कारण इथे इंटरच्या पहिल्या वर्षालाही बोर्डाची परीक्षा असते.

तेव्हा तक्त्याचा पहिला कोपरा शब्दांना द्यावा लागेल. डावीकडे महाराष्ट्रातला शब्द, उजवीकडे हैदराबादचा. दहा-बारा जोड्या पुरतात. हे चित्र नाही म्हणून चित्रकार कुरकुर करील, त्याचे ऐकू नये.

मग मुख्य चित्र. ए-थ्री कागद आडवा धरला तर ४२ सेंटीमीटर लांब असतो. एका वर्षाला पाच सेंटीमीटर दिले तर आठ वर्षे चाळीसात बसतात आणि दोन्ही कडांना एकेक सेंटीमीटर कोरा उरतो. लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेकने १९३१ मध्ये काढलेला आणि १९३३ मध्ये छापला गेलेला नकाशा यासाठी नेहमी आदर्श मानतात. बेक वीजमंडलांच्या आकृत्या काढणारा माणूस. त्याने ओळखले की भुयारातून जाणाऱ्याला वरचे रस्ते आणि खरे अंतर नको असते, स्टेशनांचा क्रम आणि गाडी कुठे बदलायची तेवढे हवे असते. म्हणून त्याने अंतर बिनदिक्कत मोडले. आपल्याला मात्र ती मुभा नाही. आपल्या नकाशात अंतर म्हणजे वर्षे, आणि वर्षे म्हणजे घरातला पैसा. ती खरीच दिसली पाहिजेत.

पट्टी घेऊन रेघा काढायला बसलात की एक गोष्ट हाताखाली आपोआप उमटते. एमपीसी घेऊन इंटर, दोन वर्षे, म्हणजे दहा सेंटीमीटर. पुढे बी.टेक. चार वर्षे, वीस सेंटीमीटर. एकूण तीस. आता त्याखाली दुसरी रेघ: दहावीनंतर ‘पॉलीसेट’ देऊन पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, पंधरा सेंटीमीटर. डिप्लोमावाल्याला ‘ईसेट’ देऊन बी.टेक.च्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, म्हणजे आणखी पंधरा. एकूण तीस. तिसरी रेघ बासरच्या राजीव गांधी विद्यापीठाची. २००८ मध्ये निघालेल्या या संस्थेत दहावीच्या गुणांवर प्रवेश होतो आणि सहा वर्षांचा सलग निवासी अभ्यासक्रम आहे. पुन्हा तीस. तीन रेघा वेगवेगळ्या उंचीवरून निघतात आणि कागदावर एकाच उभ्या रेषेवर येऊन थांबतात.

पॉलिटेक्निक म्हणजे लांबचा फेरा असे घरोघरी म्हणतात. पट्टी तसे म्हणत नाही. उलट त्या रेघेवर पंधराव्या सेंटीमीटरला एक थांबा आहे, तिथे उतरून नोकरी धरता येते आणि घरची घडी बसली की पुढची गाडी पकडता येते. इंटरच्या रेघेवर दहाव्या सेंटीमीटरला उतरले तर हातात मेमो असतो, धंदा नसतो. चौथी रेघ आयटीआयची. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना ‘एलपीसेट’ देऊन पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षात शिरता येते. दोन, दोन आणि तीन, सात वर्षे, पस्तीस सेंटीमीटर. इंजिनिअरिंगच्या पदवीला एक वर्ष उशीर, एवढाच फरक. झाडाच्या तक्त्यावर आयटीआय खालच्या वाळक्या फांदीवर टांगलेला असतो.

सगळ्याच वाटा अशा दुतर्फा नाहीत आणि तसे भासवणे ही दुसऱ्या टोकाची लबाडी ठरेल. एमपीसीचा विद्यार्थी पुढे बी.फार्म.ला जाऊ शकतो, बी.कॉम., बी.ए. घेऊ शकतो, ‘लॉसेट’ देऊन पाच वर्षांच्या कायद्याला जाऊ शकतो. सीईसीवाल्याला कायदा आहे, वाणिज्य आहे, पण इंजिनिअरिंगकडे जाणारी वाट तिथून निघत नाही. अशा ठिकाणी रस्त्यावर असतो तसा एकेरी वाहतुकीचा बाण काढावा, लहान पण काळा. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या घराला बाण बघून कळते की काय नंतर बघता येते आणि काय येत नाही. साध्या पदवीच्या रेघांच्या तोंडाशी ‘दोस्त’चे एकच फाटक काढायचे. तेलंगणाच्या विद्यापीठांच्या पदवी महाविद्यालयांचे प्रवेश २०१६ पासून या एका ऑनलाइन खिडकीतून होतात.

बासरची रेघ काढताना थांबावे लागते. बासरचे सरस्वतीचे देऊळ नांदेडकरांना परके नाही. धर्माबाद ओलांडले की गोदावरीकाठी बासर. मुलाच्या हाताला धरून पहिले अक्षर गिरवून घ्यायला कितीतरी मराठी कुटुंबे तिथे जातात. त्याच गावात सहा वर्षांचे तंत्रशिक्षण आहे, पण नांदेडच्या मुलाला ते दार सहज उघडत नाही. तेलंगणात प्रवेशासाठी ‘स्थानिक’ कोण, याची व्याख्या राज्यघटनेच्या ३७१-ड कलमाखालच्या १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशातून आली आहे, आणि तिचा गाभा असा की पात्रता परीक्षेपर्यंतची सलग चार वर्षे तुम्ही त्या भागात शिकलेले असायला हवे. दहावी नांदेडला करून इंटरला मामाकडे हैदराबादला आलेल्या मुलाच्या खात्यावर बारावीच्या अखेरीस दोनच वर्षे जमतात. ही गोष्ट कॉलेजच्या जाहिरातीत नसते, रँकच्या पानभर फोटोंत नसते, झाडाच्या तक्त्यावर तर नसतेच. ती कळते समुपदेशनाच्या टेबलापाशी, जेव्हा काही करता येत नाही. आपल्या कागदावर तिला डाव्या कडेला, अगदी सुरुवातीला, फाटक म्हणून काढायचे: सहावीपासून बारावीपर्यंत सात चौकोन, आणि त्यात जिथे शाळा झाली ते गाव मुलाने स्वतः लिहायचे. शेवटचे सलग चार चौकोन बघा. कायद्याचे एक कलम सात चौकोनांत समजते.

मामाचा उल्लेख सहज आला, पण विषय मामाचाच आहे. नरहर कुरुंदकर (जन्म १९३२) शिकायला हैदराबादला आले ते मामांकडे. मामा म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. घरात विद्यापीठच राहत होते म्हणा ना. तरीही सिटी कॉलेजात इंटरला कुरुंदकर एकाहून अधिक वेळा नापास झाले. नांदेडला जाऊन शाळामास्तर झाले, नोकरी करता करता बी.ए., एम.ए. केले, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि मग प्राचार्य झाले. त्यांची बुद्धी सगळ्यांजवळ नसते हे खरे, पण इंटरला अडून मागून पुढे जाण्याची वाट त्यांच्यापुरती खास नव्हती. ती व्यवस्थेत होती आणि आजही आहे. इंटरला एखादा विषय गेला तर त्याच उन्हाळ्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड सप्लिमेंटरी’ परीक्षा होते आणि वर्ष वाचते. शाळा सुटलेल्यांसाठी तेलंगणा ओपन स्कूल सोसायटी आहे. आणि देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये याच प्रदेशात निघाले, आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ म्हणून ज्युबिली हिल्सला आहे. या परतीच्या वाटा नकाशावर तुटक रेघांनी काढायची पद्धत आहे. मी म्हणेन सलग काढा. तुटक रेघ बघितली की मुलाला वाटते हा रस्ता कच्चा आहे.

जुन्या हैदराबाद संस्थानात वाट सांगणारा माणूस आणखी मोलाचा होता. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानियाचे माध्यम उर्दू. मराठी मुलाने १९०७ मध्ये स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीत शिकायचे आणि मग उर्दूत उच्च शिक्षण घ्यायचे, की पुण्यानागपुराकडे जायचे, हे घरातले शिकलेले माणूस ठरवी. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने घेतले, त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. ही गाडी बदलणे कुठल्याच तक्त्यावर नव्हते.

ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जाते आहे त्या घरात असा मामा नसतो. सचित्र मार्गदर्शिकेचे काम म्हणजे मामाच्या डोक्यातले कागदावर आणणे. कुठले दार कधी बंद होते, कुठल्या कागदाला किती दिवस लागतात, कुठे चुकले तर चालते. (मराठीत ‘मामा बनवणे’ याचा अर्थ निराळा. मॅनेजमेंट कोट्याच्या हंगामात तो धंदा करणारेही भेटतात.)

डोक्यातले कागदावर आणणे ही वेगळी कला आहे, हे व्हिएन्नात १९२५ मध्ये समाज आणि अर्थव्यवहाराचे संग्रहालय काढणाऱ्या ओटो नॉयराटने ओळखले होते. पुढे ‘आयसोटाइप’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पद्धतीत तीन माणसे लागत. एक तज्ज्ञ, ज्याच्याकडे आकडे. एक चित्रकार, गेर्ड आर्न्त्सने काढलेली तिथली ठसठशीत माणसे आज दारावरच्या पाट्यांची आजी-आजोबा वाटतात. आणि मधला तिसरा, जो दोघांचे ऐकून ठरवतो की काय दाखवायचे, काय गाळायचे, कुठून वाचायला सुरुवात होईल. मारी राइडेमाइस्टर, म्हणजे पुढची मारी नॉयराट, हे मधले काम करी. १९५० च्या दशकात पश्चिम नायजेरियात सरकारी योजना समजावणाऱ्या पुस्तिका करताना तिने युरोपातली तयार चित्रे नेली नाहीत, तिथली माणसे, घरे, पेहराव नव्याने काढायला लावले. आपल्याकडे तज्ज्ञ असतात, चित्रकारही उत्तम असतात. मधल्या खुर्चीवर मात्र बहुधा कोणी नसते, आणि मग पी.डी.एफ.ला रंग लावून त्याला सचित्र म्हणतात.

मधल्या खुर्चीवर बसून एक निर्णय घेऊ: पिवळे हेल्मेट आणि स्टेथोस्कोप या तक्त्यात येणार नाही. त्याऐवजी एकच मोठे चित्र. शहराच्या उत्तरेला जीनोम व्हॅलीत औषधे आणि लशी बनतात. तिथल्या एका कारखान्याचा आडवा छेद काढा, बाहुलीघरासारखा, समोरची भिंत नसलेला. प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर, यंत्राशेजारी डिप्लोमावाला, पॅनेलपाशी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, गुणवत्ता विभागात बी.फार्म., हिशेबाला सीईसी घेऊन बी.कॉम. केलेली. प्रत्येकाच्या पायाखालून त्याच्या त्याच्या रंगाची रेघ निघते आणि नकाशात जाऊन मिळते. पाच वाटांनी आलेली पाच माणसे एका इमारतीत डबा खाताहेत, हे मुलांना दिसले की ग्रुप निवडणे म्हणजे जात निवडणे नव्हे एवढे तरी कळते. मुलींच्या अंगावर पांढरे कोट असोत आणि कोटाखाली पंजाबी ड्रेस. हैदराबादेत तसेच असते.

सापशिडीचा मोह अनेकांना होतो. ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपट आपल्याच घरचा. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. ‘तारीख चुकली’ हा साप, ‘शिष्यवृत्ती’ ही शिडी, असा पट काढून मुलांना वाटावा असे वाटते. मला तो नको वाटतो. सापशिडीत सोंगटी फाशावर चालते, आणि प्रवेश म्हणजे नशिबाचा खेळ असे मुलांना आधीच वाटत असते.

कागदपत्रांना मात्र चित्राची खरी गरज आहे. दहावीचा मेमो, टी.सी., स्टडी सर्टिफिकेट, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आधार. ही नावे सरळ यादीत लिहिली तर डोळा घसरतो. त्याऐवजी प्रत्येक कागदाचे लहानसे रेखाचित्र काढा आणि त्यावर एकच जागा लाल करा: नावाची. मराठी नावात मुलाचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. तेलुगू रीतीत घराचे नाव आधी, तेही बहुधा एका अक्षरात. शाळेच्या कारकुनाने एक लिहिले, आधारवाल्याने दुसरे, आणि टी.सी.वर तिसरे, असे एकच मूल तीन नावांनी इंटरला पोहोचते. तीन कागद शेजारी ठेवून लाल जागा अक्षर न् अक्षर जुळते का ते नववीतच बघा, एवढे सांगणारे चित्र पानभर करिअर-उपदेशापेक्षा जास्त उपयोगी आहे. शेजारी उलटे कॅलेंडर: ‘ई-पास’वर शिष्यवृत्तीचा आणि फीच्या परताव्याचा अर्ज, त्याआधी उत्पन्नाचा दाखला, त्याआधी मी सेवाची फेरी.

लिपीचे बोलायला हवे. मूल शाळेत इंग्रजी-तेलुगू वाचते, गल्लीत दखनी बोलते, आई मराठी वाचते. तक्ता मराठीत असला तरी कॉलेजांची, परीक्षांची नावे तेलुगू आणि इंग्रजीतही लागतात, नाहीतर पाटीसमोर उभे राहून उपयोग नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘बालू’ हा ठसा देवनागरीत आहे, तेलुगूत ‘बालू तम्मुडू’ या नावाने आहे, उर्दूसाठी ‘बालू भाईजान’ आहे, आणि तो फुकट वापरता येतो. एकाच हाताने चार लिप्या लिहिल्यासारखे वाटते. तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लोंबतो, म्हणून ओळींत देवनागरीपेक्षा जास्त जागा सोडा. आणि उर्दू आवृत्ती काढायची ठरलीच तर नकाशा आरशात धरल्यासारखा उलटा करावा लागेल. उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्याला काळही तिकडून येतो. नुसता मजकूर बदलून भागत नाही.

छापण्याआधी कच्चा कागद घेऊन दहावीच्या एखाद्या मुलीजवळ बसा. आईही असू द्या. काही समजावू नका. एवढेच विचारा: ‘पॉलिटेक्निकला गेलीस आणि नंतर इंजिनिअर व्हावेसे वाटले, तर बोटाने दाखव.’ बोट कुठे अडते ते बघा. ते अडले तर दोष बोटाचा नसतो. ‘कळलं का?’ असे विचारू नये. आपल्याकडे त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते, हैदराबादेत ‘हौ’.

राहिली तारीख. इथे नियम थांबत नाहीत. कित्येक वर्षे ज्या परीक्षेला सगळे ‘एमसेट’ म्हणत तिचे नाव २०२४ मध्ये ‘ईएपीसेट’ झाले, आणि रिक्षावाला अजून एमसेटच म्हणतो. वैद्यकीय प्रवेश त्याआधीच तिच्यातून निघून ‘नीट’कडे गेले होते. तेव्हा वर्षांच्या रेघा मुख्य कागदावर छापा, आणि तारखा, फी, कोट्याचे आकडे दरवर्षी बदलता येईल अशा वेगळ्या चिठ्ठीवर. दोन्हींच्या कोपऱ्यात ठळक अक्षरात लिहा, कुठल्या शैक्षणिक वर्षासाठी. आणि तुमच्या शाळेच्या भिंतीवर असा वर्ष नसलेला एखादा तक्ता अजून लटकत असेल, तर उद्या जाऊन तो काढून ठेवा.